छोट्या दुकानातला कामाचा ताण: कृषी केंद्र, किराणा आणि वर्कशॉपवाल्यांसाठी पायरी-पायरीने

कामाच्या ताणावरचं बहुतेक लिखाण मोठ्या शहरातल्या ऑफिसांसाठी असतं. मॅनेजरशी बोला, दोन दिवस सुटी टाका, एचआरला कळवा. विदर्भातल्या घाटंजी, आर्वी, मूर्तिजापूर किंवा सिंदेवाहीच्या बाजारातल्या दुकानात मालक हाच मॅनेजर असतो, वसुलीलाही तोच जातो आणि हमाल आला नाही तर पोतंही तोच उचलतो. सुटी टाकायची कोणाकडे?

मी अशाच एका तालुक्याच्या गावात दुकानांची खाती लिहितो. खाती लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते. दुकानातली चिडचिड आणि वहीतले आकडे एकाच महिन्यात बिघडतात. म्हणून माझं मत असं की दीर्घ श्वास, योगासनं हे सगळं चांगलंच आहे, पण ते नंतर. आधी दुकानाची मांडणी बघायची: पैसा कधी येतो, गर्दी कधी होते, आणि कोणत्या माणसाला कोणता निर्णय घेता येतो. खालच्या पायऱ्या दोन ते आठ माणसांच्या धंद्याला धरून आहेत. उदाहरणं जास्त कृषी केंद्राची, म्हणजे बियाणं, खत आणि कीटकनाशकाच्या दुकानाची आहेत, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच दिसते.

पहिली पायरी: पंधरा दिवस एक वही

दहा रुपयांची वही घ्या आणि गल्ल्यात ठेवा. ज्या ज्या वेळी आवाज चढला, डोकं दुखलं, किंवा माणूस न सांगता निघून गेला, त्या वेळी एक ओळ लिहा. वेळ, काय झालं, कोण होतं. विश्लेषण नको. नोंद अशी दिसते:

सोमवार, ११ वाजता. खताच्या बिलाचं मशीन अडकलं, सर्व्हर नाही. सात-आठ जण उभे. पोरावर ओरडलो.
मंगळवार, २ वाजता. डिस्ट्रिब्युटरचा फोन. जेवण अर्धं टाकलं.
बुधवार, बाजार. उधारी नाही म्हटलं म्हणून नात्यातलाच माणूस चार लोकांत बोलून गेला.

पंधरा दिवसांनी वही घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहा: पैसा, गर्दी किंवा माणूस. बहुतेक दुकानांत निम्म्याहून जास्त ओळी दोन-तीनच गोष्टींच्या निघतात, त्याच त्याच वारी, त्याच त्याच वेळी. पोरगा बेजबाबदार आहे असं इतके दिवस वाटत असतं, आणि वही सांगते की तो फक्त अकरा ते एकमध्येच बेजबाबदार असतो. म्हणजे बघायला पाहिजे ते अकरा ते एकमध्ये काय होतं ते.

नोकरालाही अशी वही द्या असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. मालकाने वाचायची वही असेल तर त्यात तो खरं कशाला लिहील?

दुसरी पायरी: धंद्याचं पंचांग

नोकरीवाल्याचा ताण महिन्याच्या हिशेबाने चालतो. आपला चालतो पाऊस आणि पिकाच्या हिशेबाने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने तीन गोष्टी मांडा: गर्दीचे आठवडे, पैसे द्यायचे आठवडे, पैसे यायचे आठवडे.

कृषी केंद्राचं चित्र साधारण असं. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमाराला लागतं. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून कापूस १ जूनच्या आधी लावू नका असं कृषी खातं सांगतं. त्यामुळे पूर्वी मे-जूनमध्ये पसरलेली बियाण्याची गर्दी आता पहिल्या पावसाच्या मागेपुढे एकदम कोसळते. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी, म्हणजे तीच गर्दी पुन्हा, आणि या वेळी गिऱ्हाईक रागावलेलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचा माल. सोयाबीनचा पैसा दसऱ्या-दिवाळीला, कापसाचा वेचणी जशी होईल तसा उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेचणीपर्यंत, तुरीचा त्याच्याही मागून. थोडक्यात, माल जातो जूनमध्ये आणि पैसा फिरून येतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मधले पाच महिने मालकाच्या छातीवर असतात.

किराण्याला पोळा, महालक्ष्म्या, दसरा-दिवाळी आणि लग्नसराई. मोटार वाइंडिंगवाल्याला रब्बीचं ओलित सुरू झालं की. दाल मिलला तुरीची आवक सुरू झाल्यावर. प्रत्येकाचं पंचांग वेगळं, ते स्वतःच मांडावं लागतं.

मांडल्यावर तीन निर्णय लगेच घेता येतात.

जादा माणूस गर्दी सुरू झाल्यावर ठेवू नका, आधी ठेवा. १५ जूनला आलेल्या नव्या पोराला कोणती बॅग कोणत्या थप्पीत ते शिकवायला कोणाला वेळ नसतो. तो २० मेला आला तर दहा दिवसांत गोदाम पाठ करतो. तेवढ्या दिवसांचा जादा पगार वाया जात नाही.

सुट्या आधीच वाटून टाका. सासुरवाडीचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, जे काही आहे ते एप्रिल-मेमध्ये करून घे असं मार्चमध्येच सांगा. जूनमध्ये सुटी नाकारल्याने जेवढी कटुता येते, तेवढी दुसऱ्या कशानेही येत नाही.

घरचा खर्च या कॅलेंडरवर आणा. पोरांच्या शाळेची फी, वह्या-पुस्तकं, कॉलेजची अ‍ॅडमिशन, सगळं नेमकं जूनमध्ये येतं, जेव्हा गल्ल्यातला प्रत्येक रुपया बियाण्यात अडकलेला असतो. ही रक्कम फेब्रुवारीच्या वसुलीतून वेगळी काढून घरच्यांच्या खात्यात टाकली, तर जूनमधली निम्मी घरगुती भांडणं होतच नाहीत. जीएसटीचंही तसंच. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नची सोय आहे. कर दर महिन्याला भरावाच लागतो, पण रिटर्नची धावपळ कमी होते. तुमच्या हिशेबनिसाला विचारा.

तिसरी पायरी: उधारी

इथे मी थांबणार आहे, कारण वहीतल्या सगळ्यात जास्त ओळी इथेच येऊन मिळतात.

१९७९ मध्ये रॉबर्ट करासेक या संशोधकाने कामाच्या ताणाचं एक साधं सूत्र मांडलं. नुसत्या कामाच्या बोज्याने माणूस मोडत नाही. बोजा खूप आणि निर्णय हातात काहीच नाही, तेव्हा मोडतो. आपल्या दुकानात ही जागा कोणाची? काउंटरवरच्या पोराची. समोर त्याच्याच गावचा माणूस उभा, ज्याला तो लहानपणापासून काका म्हणतो. काका म्हणतो, "दोन बॅगा टाक, नावावर लिही." पोराला हो म्हणायचा अधिकार नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. मालक बाहेर गेलेला, फोन उचलत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा हे झालं की संध्याकाळी पोरगा कारण नसताना पोतं आपटतो.

उपाय चार आहेत, आणि ते याच क्रमाने करा.

एक, उधारीचा निर्णय काउंटरवरून उचला. पाटी लावा: "उधारीबद्दल मालकांशी बोलावे, वेळ सकाळी ८ ते ९." पोराने फक्त पाटीकडे बोट दाखवायचं. नकार पाटीचा झाला की नातं टिकतं. सुरुवातीला दोन-चार जण नाराज होतील, होऊ द्या.

दोन, पोराला छोटा का होईना, खरा अधिकार द्या. समजा ५०० रुपयांपर्यंत, तोही जुन्या आणि नेहमी फेडणाऱ्या गिऱ्हाइकाला, न विचारता. फाटकी पिशवी बदलून देणं, दहा-वीस रुपये कमी करणं हेही त्याच्याच हातात. आणि दिलेल्या निर्णयावर मागून बोलायचं नाही. चुकला तर दुकान बंद झाल्यावर सांगायचं.

तीन, प्रत्येक खात्याला हंगामाच्या आधी मर्यादा ठरवा. एकर, गेल्या वर्षीची फेड आणि ओलिताची सोय बघून आकडा काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सोबत फेडीचा वायदा पिकाच्या नावाने लिहा: "सोयाबीनवर" किंवा "कापसाच्या पहिल्या वेचणीवर". १५ नोव्हेंबर ही तारीख शेतकऱ्याच्या डोक्यात राहत नाही, पहिली वेचणी राहते. आकडा गिऱ्हाइकाला एप्रिलमध्येच तोंडावर सांगा. जूनच्या गर्दीत, चार लोकांत सांगितला तर तो अपमान ठरतो.

चार, वसुलीचा वार ठरवा. रात्री नऊला बिछान्यावर पडून फोन करणं बंद. आठवडी बाजाराचा दुसरा दिवस धरा, त्या दिवशी सकाळी दोन तास फक्त वसुली. समोरच्याला त्याच्या घरच्या माणसांसमोर, पानठेल्यावर किंवा लग्नात मागू नका. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा हे जे सहा जिल्हे आले, त्यांना उधारीच्या वहीचं दुसरं टोक काय असतं ते माहीत आहे. पीक खरोखर गेलं असेल तर पुढच्या हंगामात हप्ते पाडून घ्या आणि कागदावर लिहा. सगळं एकदम मागितलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो, तुमच्या रस्त्यानेही फिरकत नाही.

थकबाकीवर व्याज लावून पैसे फिरवायचा मोह टाळा. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. स्वतःसाठीही रोजच्या वसुलीवाल्या खासगी फायनान्सकडून उचल घेऊ नका. सकाळच्या गल्ल्यातून तो आधी उचलून नेतो, आणि त्या दिवसाचा पहिला राग नोकराच्या वाट्याला येतो.

माल बनवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. दाल मिल, फॅब्रिकेशन, छोटं प्रोसेसिंग युनिट असेल आणि मोठ्या खरेदीदाराने पैसे अडकवले असतील, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, पण या तरतुदीचा फायदा मिळत नाही. दोघांची गल्लत करू नका.

चौथी पायरी: गर्दीचा दिवस

अनुदानाचं खत मशीनवर गिऱ्हाइकाची ओळख पटवूनच, बहुधा आधार लावून, विकावं लागतं, आणि नेमकं गर्दीत सर्व्हर थकतो. हे दर वर्षी होतं, तरी दर वर्षी आपण अचानक झाल्यासारखे घाबरतो. ठरवून ठेवा.

मशीनवर एक माणूस, आणि तो दिवसभर फक्त मशीनवर. गोदामात दुसरा. पैसे घ्यायला मालक किंवा घरचं कोणी. हातात घ्यायला नंबरच्या चिठ्ठ्या, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर आकडे लिहिले तरी चालतं. मशीन बंद पडलं की मालकाने स्वतः उठून मोठ्याने सांगायचं, "मशीन बंद आहे, नंबर जपून ठेवा, तोपर्यंत चहा पिऊन या." उभ्या माणसाला राग मशीनचा येत नाही. कोणीच काही सांगत नाही याचा येतो. हे वाक्य मालकाच्या तोंडून आलं पाहिजे. पोराच्या तोंडून आलं की भांडण.

जेवण आळीपाळीने आणि काउंटरच्या मागे बसून, हातातला फोन दुसऱ्याकडे देऊन. अर्धा तास. गर्दीत जेवण टाळणं ही मर्दुमकी समजली जाते, आणि चार वाजता त्याच माणसाकडून बिलात चूक होते.

एक अडचण मालकाच्या हातात नसते: युरियासोबत दुसरा माल घ्याच असा वरून येणारा दबाव. तो खाली गिऱ्हाइकावर ढकलला की शिव्या पोरगा खातो. असा माल घ्यावाच लागला तर तो वेगळा ठेवा आणि सावकाश विका. बळजबरी वरून लेखी आली असेल तर तो कागद तालुका कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

ऊन, पाणी आणि औषधाचा वास

ही वेगळी पायरी नाही, पण याकडे दुर्लक्ष करून बाकी सगळं केलं तर उपयोग होत नाही. मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ अंशांच्या पुढे जातात. टिनाच्या छताखालच्या गोदामात त्याहून जास्त. अशा उन्हात डोकं फिरणं हा स्वभाव नसतो, शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. दुकान सकाळी लवकर उघडा, बारा-साडेबाराला शटर ओढा, पाचला पुन्हा उघडा. गाडी खाली करायची असेल तर सकाळी नऊच्या आत. कूलर गल्ल्याकडे तोंड करून न ठेवता काउंटरकडे ठेवा. पाण्याच्या कॅनशेजारी ओआरएसची पाकिटं असू द्या.

दुकानात बाई काम करत असेल तर संडास-बाथरूमची सोय आहे का ते बघा. नसेल तर ती दिवसभर पाणीच पीत नाही, आणि कोणाला सांगतही नाही. शेजारच्या घराशी बोलून, किल्ली ठेवून ही सोय एका दिवसात होते.

कीटकनाशकाच्या गोदामात काम करणाऱ्याचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, घाम आणि लाळ जास्त सुटत असेल, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर "टेन्शन आलं असेल" म्हणू नका. ते विषबाधेचं लक्षण असू शकतं, सरळ दवाखान्यात न्या आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही. फुटलेला डबा हाताने उचलायचा नाही, त्या खोलीत जेवायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. टेन्शन आलं की पन्नी काढायची, हे दुकानातल्या अर्ध्या माणसांचं उत्तर आहे. तंबाखूची तलफ भागली की बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं मुख्यतः तलफेपुरतंच असतं. सोडायला सांगून कोणी सोडत नाही. पण मालकानेच पोराला खर्रा आणायला पिटाळणं तरी थांबवता येतं.

पाचवी पायरी: माणसाशी बोलणं

गिऱ्हाइकासमोर नोकराला बोलायचं नाही. नियम एवढाच, आणि पाळायला सगळ्यात कठीण. गावात तोच गिऱ्हाईक संध्याकाळी त्याच्या बापाला भेटतो.

पगाराची तारीख ठरवा आणि मोडू नका. उचल घेतली असेल तर किती कापणार ते आधी सांगा. वसुली झाली की बघू, हे वाक्य तुम्हाला साधं वाटतं, पण त्याच्या घरी किराणा त्या वाक्यावर अडलेला असतो. आठवड्यातून एक पूर्ण सुटी द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि एक दिवस सुटी हे माप आहे. तुमच्याकडे माणसं कमी म्हणून त्यातल्या बऱ्याच तरतुदी तुम्हाला लागू नसतील, तरी माप म्हणून ते वापरायला हरकत नाही.

एखादा माणूस गप्प झाला, उशिरा येऊ लागला, चुका वाढल्या, तर शटर ओढल्यावर बसवा. संवाद बहुधा असा चालतो:

"काय रे, आठ दिवस झाले, तुझं लक्ष नाही."
"काही नाही भाऊ."
"बरं. काल बिलात दोनदा चुकलास. असं तुझं होत नाही. म्हणून विचारलं."
"…घरी थोडं चालू आहे."
"सांगायचं असेल तर सांग. नसेल तर नको सांगू. कामात काय हलकं करू ते सांग."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. घरचं भांडण तुम्ही सोडवू शकत नाही, त्यात पडूही नका. पण चार दिवस त्याला मशीनवरून काढून गोदामात टाकता येतं, संध्याकाळी एक तास लवकर सोडता येतं. आणि त्याने सांगितलेलं पानठेल्यावर गेलं, तर पुढे तो कधीच बोलणार नाही.

दुकानातल्या ज्या माणसाची नोंद कुठेच नसते, ती म्हणजे मालकाची बायको. स्वयंपाक करून गल्ल्यावर बसते, हमालांचा चहा करते, रात्री नोटा मोजते. तिचे तास कोणी मोजत नाही. पंचांगात तिची सुटी लिहा आणि हंगामात तरी एका वेळचा डबा बाहेरून लावा. तिच्या नावाने महिन्याला ठराविक रक्कम जाऊ द्या, हिशेबातही ते नीट बसवता येतं.

सहावी पायरी: मालकाचं स्वतःचं

मालकाने स्वतःला पगार बांधून घ्यावा. गल्ल्यातून हवं तेव्हा उचललं की महिन्याअखेर धंदा चालतो आहे की बुडतो आहे तेच कळत नाही, आणि न कळण्याची भीती तोट्यापेक्षा जास्त झोप खाते. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती १ तारखेला घरी जावी.

दुकानाचा फोन वेगळा ठेवा आणि रात्री तो दुकानातच राहू द्या. बारदाना, दर, गाडी कुठे अडकली, यातलं रात्री साडेदहाला सुटणारं जवळजवळ काहीच नसतं.

आता थोडं गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणं मांडली: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तिटकारा किंवा तुटलेपण येणं, आणि हातून काही नीट होत नाही असं वाटणं. गर्दी ओसरून, पैसे येऊनही हे हटत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, दारू वाढली असेल, तर तो दुकानाचा प्रश्न राहिलेला नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे डॉक्टर भेटतात. लोक काय म्हणतील याची काळजी वाटत असेल तर फोन बरा, गावातल्या कोणाला कळत नाही.

तुम्ही असोत, नोकर असो की वहीतला एखादा शेतकरी, कोणी "आता सगळं संपवावं वाटतं" असं बोललं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, घरच्याला बोलवा, फोन लावून द्या. आणि कीटकनाशकाच्या गोदामाची किल्ली त्या दिवसापासून दुसऱ्याच्या खिशात. त्याला फवारणीचं औषध उधारीतही नको आणि रोखीतही नको. फवारणी अडली तर दुसऱ्या माणसाच्या हाती द्या.

पाडव्याला बसा

आपल्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. दुकानाचंही तेव्हाच ठरवा. तोपर्यंत तुरीचा पैसा बराचसा आलेला असतो आणि जूनला अजून वेळ असतो. वही, कॅलेंडर आणि सगळी माणसं समोर घेऊन बसा आणि एवढं कागदावर उतरवा: पगार आणि त्याची तारीख, कोणाचा सुटीचा वार कोणता, न विचारता किती रुपयांपर्यंतचा निर्णय कोणाचा, २० मेपासून जादा माणूस कोण, मशीनवर कोण बसणार, दिवाळीला काय मिळणार. गेल्या वर्षी काय नको झालं ते माणसांना विचारा. पहिल्या वर्षी कोणी बोलणार नाही. कागदाची एक प्रत प्रत्येकाला द्या, एक गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवा.